उंबरा, खुंट आणि बिजागरी

मुक्ताबाईंच्या नावावर असलेले ताटीचे अभंग शिकवताना दरवर्षी एकच अडचण येते. ज्ञानेश्वर लोकनिंदेने व्यथित होऊन झोपडीत जाऊन बसले, त्यांनी ताटी लावून घेतली आणि धाकट्या बहिणीने बाहेर उभे राहून त्यांची समजूत काढली, ही कथा विद्यार्थ्यांना ठाऊक असते. पण ताटी म्हणजे काय, असे विचारले की बहुतेक चेहरे कोरे होतात आणि एखादा हुशार विद्यार्थी 'ताटी म्हणजे दार' असे सांगून मोकळा होतो. त्याचे उत्तर चूक नाही, अपुरे आहे. त्याच्या डोळ्यांसमोर जे दार असते ते चौकटीला बिजागऱ्यांनी जखडलेले, एका बाजूने धरलेले आणि दुसऱ्या बाजूने फिरणारे दार असते. ताटी अशी फिरत नाही. बांबूच्या कामट्या किंवा काटक्या बांधून केलेला तो एक सुटा पडदा. तो उचलायचा, दाराच्या जागी आणून टेकवायचा आणि नको असेल तेव्हा बाजूला ठेवायचा. प्रेत नेण्याच्या तिरडीलाही मराठीत ताटीच म्हणतात, कारण वस्तू मुळात तीच आहे. बाहेर उभ्या असलेल्या कोणालाही ताटी एका हाताने बाजूला करता आली असती. मुक्ताबाई ती करत नाहीत, आतल्या माणसाने ती आपण होऊन दूर करावी म्हणून विनवतात. या अभंगांतले सगळे नाट्य त्या दाराच्या दुबळेपणात आहे. मनात बिजागरीचे, कडी-कोयंड्याचे दार धरून ते वाचले तर हे नाट्य निसटते.

आपण अजूनही 'दार लावणे' म्हणतो. ताटी ही शब्दशः लावण्याची वस्तू होती. 'बंद करणे' हा प्रयोग फारसी 'बंद'च्या सोबतीने आला. वाङ्मयाच्या अभ्यासकाने सुतारकामात डोके घालू नये असे आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणत असत. त्यांचा आदर राखूनही मला वाटते की दार चौकटीला कसे जोडले आहे आणि त्याचे ओझे नेमके कशावर पडते, हे कळल्याखेरीज आपल्या साहित्यातले अर्धे उंबरठे नीट ओलांडता येत नाहीत.

या प्रश्नाचा इतिहास शोधायला फार दूर जावे लागत नाही. बुलढाणा जिल्ह्याचे 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे दोन भाग पाडणारी अजिंठ्याची डोंगररांग पश्चिमेकडे जिथे जाते, तिथेच वाघोरा नदीच्या वळणावर अजिंठ्याची लेणी आहेत. आपण तिथे चित्रे पाहायला जातो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक (१९२८-२०१९) मात्र तिथे आयुष्यभर दारेही पाहत राहिले. भिक्षूंच्या कोठड्यांची लाकडी दारे केव्हाच नाहीशी झाली आहेत. उरली आहेत ती दाराचा खुंट फिरण्यासाठी खडकात कोरलेली भोके. स्पिंक यांनी ही भोके आणि त्यांभोवतीची खडकाची घडण तपासली, दार बसवण्याच्या पद्धतींचे अ, ब, क, ड असे प्रकार पाडले आणि ते एकामागून एक विकसित होत गेले असे मांडले. आरंभी कोठडी खोदून झाल्यावर दाराची सोय कशीबशी केलेली दिसते. पुढे खुंटाच्या भोकासाठी खडकाचा भाग मुद्दाम राखून ठेवलेला दिसतो आणि अखेरच्या टप्प्यात दार भिंतीत मागे घेतलेल्या खाचेत नीट बसते. कोणत्या लेण्यात कोणता प्रकार आहे, यावरून त्यांनी लेण्यांचा क्रम लावला. वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातले हे सगळे काम इ. स. ४६२ ते ४८० अशा जेमतेम अठरा-वीस वर्षांत झाले, या त्यांच्या प्रसिद्ध आणि वादग्रस्त सिद्धान्ताला जे आधार आहेत, त्यांत या भोकांचा वाटा मोठा आहे. भोक खुंटाने घासले गेले आहे की कोरे करकरीत आहे, हेही त्यांनी पाहिले. घासलेले असेल तर तिथे कोणीतरी राहिले, दार उघडले आणि लावले. सर्वच विद्वान त्यांचा काळ मान्य करत नाहीत. काहींना इतका थोडा अवधी पटत नाही. त्या वादात मला पडायचे नाही. पण दाराच्या भोकात इतिहास वाचता येतो, ही दृष्टी त्यांनी दिली हे कबूल केले पाहिजे.

पुढे यादवकाळातील देवळांतही दार असेच फिरते. लोणारचे दैत्यसूदन मंदिर किंवा चिखलीजवळच्या सातगाव भुसारीची देवळे पाहायला गेलेला माणूस द्वारशाखांवरील शिल्पांपुढे थांबतो, आणि थांबावेच. पण अशा देवळांत गर्भगृहाच्या दाराशी वाकून उंबऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात बोट फिरवावे. बहुतेकदा तिथे वाटीएवढा खळगा लागतो, आणि वर पट्टीच्या मागे त्याच रेषेत दुसरा. दार गेले, खळगे राहिले. जगभर हीच रीत होती. असीरियाचा राजा तिसरा शाल्मनेसर याच्या बलावात येथील, इ. स. पूर्व नवव्या शतकातील प्रचंड दारांचे खांब असेच खोबणीत फिरत. अशा खुंटाला लॅटिनमध्ये 'कार्डो' म्हणत. ज्याच्यावर सारे फिरते ते मुख्य, या अर्थाने त्यातूनच पुढे 'कार्डिनल' हा शब्द निघाला.

आमच्याकडच्या वाड्यांची आणि धाब्याच्या जुन्या घरांची दारेही याच कुळातली. झडपेच्या कडेचे लाकूड वरखाली दोन-तीन बोटे जास्त ठेवायचे, त्याला गोल घडून खुंट करायचा, खालचा खुंट उंबऱ्यातल्या खोबणीत आणि वरचा गणेशपट्टीच्या मागे बसवलेल्या लाकडाच्या भोकात. ऐपत असेल तर खालच्या खुंटाला लोहाराकडून लोखंडी कडे घालून घ्यायचे, एवढाच काय तो धातू. चौकट उभी करतानाच झडपा आत घ्याव्या लागत, नाहीतर वरच्या भोकाचे लाकूड मागाहून ठोकावे लागे. एकदा बसवलेले दार सहजी काढता येत नसे. दार आणि चौकट ही वेगवेगळी नव्हतीच.

आता ओझ्याकडे येऊ. खुंटाच्या दाराचे सगळे वजन खालच्या खुंटातून थेट उंबऱ्यावर आणि उंबऱ्यातून जमिनीत जाते. वरचा खुंट फक्त तोल सांभाळतो. सागवानी, दुहेरी फळ्यांच्या, खिळ्यांनी मढवलेल्या जड झडपा शंभर-दीडशे वर्षे न झुकता फिरत राहिल्या त्या यामुळे. उंबऱ्याला तडा गेला तर मात्र दार बसते. म्हणजे उंबरा हा दाराचा पाया होता. त्यासाठी घरातले सर्वांत कठीण लाकूड, नाहीतर दगड, तिथे घालत. संस्कृतात 'उदुंबर' हा शब्द झाडाबरोबरच दाराच्या खालच्या लाकडासाठीही येतो आणि आपले उंबरा, उंबरठा त्याच्याशी नाते सांगतात. उंबऱ्यावर हळदकुंकू वाहणे, नव्या सुनेने तिथले माप ओलांडणे, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर न बसणे, हे सगळे सुतारकामातूनच निघाले असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. नरसिंहाची कथा आहे, लक्ष्मीची कल्पना आहे, देहलीदीपन्याय आहे. उंबऱ्याचे पावित्र्य अनेक अंगांनी आले आहे. पण ज्या लाकडावर घराच्या दाराचा सगळा भार होता, त्यालाच घराच्या मर्यादेचे चिन्ह मानले जावे यात काही संगती आहे एवढे खास. उंबरा प्रथम वस्तू होता, मग प्रतीक झाला.

आणि त्याची वस्तू म्हणून असलेली गरज ज्या लहानशा लोखंडी पानांनी संपवली, त्यांचे नाव आपण समुद्रापलीकडून घेतले. 'बिजागरी' हा पोर्तुगीज 'बिसाग्रा'चा मराठी अवतार. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधील 'स'चा उच्चार 'झ'कडे झुकतो, त्याचा आपल्या तोंडी 'ज' झाला. 'ग्र' हे जोडाक्षर स्वरभक्तीने सुटून 'गर' झाले आणि शेवटच्या आकाराच्या जागी आपला ओळखीचा स्त्रीलिंगी ईकार आला. 'शाव्ह'ची 'चावी' झाली त्याच वाटेने. बिजागरी बसवणारा 'मेस्त्री' किंवा 'मिस्त्री' हाही पोर्तुगीज 'मेस्त्र'च. पोर्तुगीज शब्दांच्या आशियाई भाषांमधील प्रवासावर गोव्याचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९१३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. मराठी भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो अजूनही पुरेसा वाचलेला नाही. थोडे विषयांतर होईल, पण आपल्या एका साध्या दाराची शब्दसंपत्ती पाहण्यासारखी आहे. 'कवाड' संस्कृत कपाटापासून, 'आगळ' अर्गलेपासून, 'दरवाजा' फारसी, 'कुलूप' अरबी 'कुफ्ल'चे, आणि त्या अरबी कुलपाची चावी पोर्तुगीज.

पोर्तुगीजांचा अंमल किनाऱ्यावर होता. वसई त्यांच्याकडे १५३४ मध्ये आली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. त्या सत्तेखाली बुलढाण्याचा एक ढेकूळही कधी आला नाही. इथे निजामशाही, मुघल, निजाम आणि मराठे यांची ओढाताण चालली होती. तरी किनाऱ्यावरचा शब्द घाट चढून वऱ्हाडात आला, याचा अर्थ वस्तू आणि कारागीर फिरत होते. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७च्या आवृत्तीत बिजागरी आहे, म्हणजे आगगाडी वऱ्हाडात येण्याआधी शब्द मराठीत मुरला होता. माझा तर्क असा की बिजागरी आधी पेट्या, पेटारे आणि फडताळे यांच्या अंगाने घरात शिरली असावी आणि घराच्या मुख्य दारापर्यंत पोचायला तिला बराच काळ लागला असावा. आमच्या भागात तिला प्रतिस्पर्धीही आहे. मलकापूर-नांदुऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात 'चार इंची कब्जे द्या' असेच ऐकू येते. 'कब्जा' मूळचा अरबी, पकड किंवा ताबा या अर्थाचा, उर्दू-हिंदीतून आलेला. बिजागरी पुस्तकात आणि कब्जा बाजारात, अशी एक वाटणी इकडे झालेली दिसते. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना ती माहीत नसते. प्रमाण मराठीच्या अभिमान्यांनी कब्जाला नाक मुरडण्यापूर्वी आपली बिजागरी कुठून आली ते आठवावे.

वस्तू म्हणून बिजागरीचा खरा रेटा आला तो मात्र आगगाडीबरोबर. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६०च्या दशकात भुसावळ-नागपूर लोहमार्ग घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या गावांवरून गेला. खामगावच्या कापसासाठी जलंबहून काढलेली शाखा १८७० मध्ये सुरू झाली आणि तिच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. कापूस मुंबईकडे आणि तिथून इंग्लंडला गेला. उलट वाटेने जे आले त्यात कापड होते हे आपण इतिहासात शिकवतो, पण त्यात बर्मिंगहॅम आणि वुल्व्हरहॅम्प्टनच्या बाजूचे लोखंडी सामानही होते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडात बिजागऱ्या साच्यात ओतून हजारोंनी काढल्या जात होत्या. नव्या कचेऱ्या, बंगले, शाळा यांची दारे बिजागऱ्यांवर टांगलेली होती. 'टांगणे' हाच शब्द इथे बरोबर आहे. खुंटाचे दार उभे असते, बिजागरीचे टांगलेले असते.

गावच्या सुताराच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हता. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५च्या 'गावगाड्या'त जी बलुत्याची व्यवस्था वर्णिली आहे, तिच्यात सुतार आणि लोहार मिळून दार पुरे करू शकत. रान, सुतार, लोहार, संपले. बिजागरी आणि तिचे स्क्रू बाजारातून रोकड देऊन आणावे लागतात. दाराच्या एका कोपऱ्यातून पैसा घरात शिरला तो असा. ही प्रगती नव्हती असे मात्र मी म्हणणार नाही. बिजागरीचे दार हलके चालते, चौकट आधी उभी करून दार सवडीने करता येते, काढून दुरुस्त करता येते, आणि गरिबालाही बाजारातली तयार झडप आणून लावता येते. वाड्याचे गोडवे गाताना तिथल्या दारातून कोणाला आत यायची मुभा होती आणि कोण उंबऱ्याच्या बाहेरच उभे राही, हे विसरून चालत नाही.

पण ओझ्याची जागा बदलली. बिजागरी उंबऱ्यावर काहीच टाकत नाही, सगळा भार चौकटीच्या एका उभ्या लाकडावर आणि त्यातल्या स्क्रूंवर टाकते. समजा, दार ३० किलोचे, ९० सेंटीमीटर रुंद आहे आणि वरच्या-खालच्या बिजागरीत १५० सेंटीमीटर अंतर आहे. हिशेब केला तर वरची बिजागरी सुमारे ९ किलोच्या ओढीने रात्रंदिवस चौकटीबाहेर खेचली जात असते आणि खालची तेवढ्याच जोराने आत दाबली जात असते. म्हणून वरची आधी सैल होते आणि दार कडीच्या बाजूने खाली झुकते. चांगला मिस्त्री हे जाणतो. तो बिजागरीच्या पानाएवढीच खोल खाच पटाशीने घेतो, कमी नाही आणि जास्त नाही. खाच उथळ राहिली तर दार आणि चौकट यांत फट पडते, जास्त खोल झाली तर दार लावताना बिजागरीच ताणली जाते. सगळ्या बिजागऱ्यांच्या पिना एका ओळंब्यात हव्यात, नाहीतर दार आपोआप उघडते किंवा मिटते. आमच्याकडे उन्हाळ्यात लाकूड आटते आणि मृगानंतर फुगते, तेव्हा फटीचा अंदाज ऋतू पाहून घ्यावा लागतो. मे महिन्यात घट्ट बसवलेले दार श्रावणात उघडत नाही, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक आहे.

या बदलानंतर उंबरा दारासाठी अनावश्यक झाला. फरशीच्या घरांत तो आधी बोटभर उरला, मग गेला. कमाल अशी की याच काळात मराठी साहित्यात आणि चित्रपटात उंबरठा वाढत गेला. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून जब्बार पटेलांनी १९८२ मध्ये चित्रपट केला, त्याचे नाव 'उंबरठा'. त्या नावातली ताकद कोणालाही समजावून सांगावी लागली नाही. घर सोडून गेलेली आणि घरी परतून तिथे मावू न शकलेली बाई, एवढे त्या एका शब्दात आले. पण तो शब्द तेव्हाच पुष्कळ शहरी घरांतून वस्तू म्हणून नाहीसा होऊ लागला होता. आजच्या विद्यार्थ्याला उंबरठा निव्वळ अमूर्त आहे, 'सीमा' या शब्दाचा एक गोड पर्याय. त्याच्यावर काही तोललेले असते हे त्याने पाहिलेलेच नाही. मग समीक्षेतही तो शब्द नुसता ओलांडण्यापुरता उरतो. स्त्रीने उंबरठा ओलांडला, असे आपण शंभर उत्तरपत्रिकांत वाचतो. तो उंबरठा काय वाहत होता, हे एकीतही नसते.

हे सगळे मला सुचले ते आजोळच्या घरामुळे. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यातले धाब्याचे घर. मामांनी ते उतरवले तेव्हा बाकी सगळे गेले, पण पुढचे दुहेरी दार ठेवायचे असे सर्वांनी ठरवले. नव्या स्लॅबच्या घराला तेच दार बसवायचे. दार सातपुड्याच्या सागाचे होते आणि त्याला कीड नव्हती. मिस्त्रींनी झडप आडवी घालून पाहिली, खुंटावर हात ठेवला आणि म्हणाले, "सर, याले कब्जे लावाचे असन त हे खुंट कापा लागते."

मी विचारले, "खुंटावरच फिरवता नाही येणार?"

"येते ना. पण मंग उंबरा पायजे खाली. तुमच्या फरशीले तं उंबराच नाही."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. नव्या घराला उंबरा नको हे आम्हीच सांगितले होते. आजीला तो ओलांडताना दोनदा ठेच लागली होती आणि पुढे-मागे चाकाची खुर्ची लागेल असे डॉक्टरांनी सुचवले होते. करवत चालली. वरखालचे चार खुंट निघाले. प्रत्येक झडपेला पाच-पाच इंची तीन बिजागऱ्या लागल्या, त्याही मिस्त्रींच्या आग्रहावरून, मामा दोनच म्हणत होते. पहिल्याच पावसाळ्यानंतर डावी झडप झुकली आणि फरशीवर तिने पावकोर ओरखडा काढला. मग वरच्या बिजागरीचे स्क्रू काढून लांब स्क्रू घातले. आता ती ठीक चालते.

आजीने त्या दारात खुंटाला तेलाचे बोट लावण्याचा नेम किती वर्षे पाळला होता, हे तिलाही सांगता येत नव्हते. पाडव्याला तेल, दसऱ्याला तेल, एवढे तिच्या लक्षात होते. बिजागऱ्या बसल्यावर तिने एकदा विचारले की तेल आता कुठे लावायचे, आणि मामांनी पिनेवर बोट ठेवून दाखवले.

जुना उंबरा बाभळीचा आहे. तो सरपणात जाणार होता, मी तो मागून घेतला. सध्या गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवला आहे. त्याच्या डाव्या खोबणीत माझी तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत जाते आणि खोबण गोल राहिलेली नाही, दार उघडे ठेवण्याच्या बाजूला लांबट झाली आहे. उजव्या खोबणीत बोट पहिल्याच पेराशी अडते आणि तिची कड अजून धारदार आहे. रोजच्या येण्याजाण्याला डावीच झडप उघडत, असे आजी सांगते. उजवी फक्त लग्नाला, धान्याची पोती आत घ्यायला आणि आजोबांना बाहेर नेताना उघडली होती.